मालक म्हणतो काढा, पॅकेज म्हणतं नाही : डेबियनच्या एका व्यवस्थेची समीक्षा

मंडळी, लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर बसवणं किती सोपं झालंय, यावर व्याख्यानं पुष्कळ होतात. बसवलेलं काढायचं कसं, यावर फारसं कोणी बोलत नाही. आज आम्ही ही दुसरी बाजू बघणार आहोत, आणि तीही एकाच घराण्यातली: डेबियन, त्याच्यावर उभं राहिलेलं उबुंटू, मिंट, आणि आपल्या सी-डॅकचं बॉस. या सगळ्यांत तळाशी एकच कामगार राबतो, डीपीकेजी. एपीटी हा त्याच्यावरचा मुकादम. कोणतं पॅकेज कोणावर अवलंबून आहे, कुठून आणायचं, हे मुकादम ठरवतो. प्रत्यक्ष फायली ठेवणं आणि उचलणं हे डीपीकेजीचं काम.

आता एक नेहमीचा प्रकार घ्या. ऑफिसात प्रिंटर होता. कंपनीने दिलेली डेब फाइल बसवली, पाच वर्षं चालली. प्रिंटर भंगारात गेला, ड्रायव्हर मागे राहिला. तो काढायला एपीटीला 'रिमूव्ह' सांगितलं. उत्तर काय येतं? डीपीकेजी या उपप्रक्रियेने एक नंबरची चूक कळवली. बस्स. काय चुकलं, कोणाचं चुकलं, हे त्या शेवटच्या ओळीत नाही. खरी ओळ वर दहा-बारा ओळींआधी सरकून गेलेली असते, आणि लोक शोधायला घेतात ती शेवटचीच. आमच्या मते या व्यवस्थेचा पहिला दोष इथे आहे: तक्रार करणारा मुकादम, अडलेला कामगार, आणि दोघांच्या बोलण्यात खरा अडवणारा कुठेच ठळक दिसत नाही.

तो अडवणारा कोण? खुद्द ते पॅकेज. हे नीट समजून घ्या, कारण सगळी समीक्षा यावर उभी आहे. डेबियनच्या पॅकेजात नुसत्या फायली नसतात, चार छोट्या स्क्रिप्ट असू शकतात: बसण्याआधीची, बसल्यानंतरची, निघण्याआधीची, निघाल्यानंतरची. चारही रूटच्या हक्काने चालतात. निघण्याआधीच्या स्क्रिप्टने शून्याऐवजी दुसरा आकडा परत दिला, की डीपीकेजी काढणं रद्द करतो. म्हणजे तुम्ही दिलेली आज्ञा ही आज्ञा नसते, अर्ज असतो. तो मंजूर करायचा की नाही, हे ज्याला बाहेर काढायचंय तोच ठरवतो.

आपल्या ड्रायव्हरच्या बाबतीत नेमकं असं होतं. स्क्रिप्ट म्हणते, आधी माझी सेवा थांबवा. सेवा चालूच नाही, म्हणून थांबवण्याची कमांड चुकीचा आकडा देते. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट मायनस ई' लिहिलेलं, म्हणजे पहिल्या चुकीला बाहेर. काढणं रद्द. मग डीपीकेजी सभ्यपणे पूर्वस्थिती आणायला बसल्यानंतरची स्क्रिप्ट चालवतो, ती सेवा सुरू करायला जाते, तीही पडते. आता पॅकेज धड बसलेलं नाही, धड निघालेलं नाही. पुढे एपीटीच्या प्रत्येक फेरीत ते पुन्हा बसायचा प्रयत्न करतं, पुन्हा पडतं आणि फेरी चुकीच्या शेऱ्याने संपते. त्यात अवलंबित्वाची गाठ बसली असेल तर एपीटी पुढे सरकायलाच नकार देतो. भंगारातल्या प्रिंटरपायी हिशेबाच्या मशीनवर सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं. गंमत म्हणून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

मग या स्क्रिप्ट मुळात हव्यात कशाला? इथे डेबियनची बाजू घ्यायलाच हवी. पोस्टग्रेसक्यूएलचा सर्व्हर 'पर्ज' करायला निघालात की तो विचारतो, डेटाबेससुद्धा पुसायचे का? हा प्रश्न फायलींच्या यादीतून येणार नाही, स्क्रिप्टच विचारू शकते. 'रिमूव्ह' आणि 'पर्ज' हे दोन वेगळे ठेवले, हाही शहाणपणाच: पहिल्यात सेटिंग राहतात, यादीत पॅकेजापुढे 'आरसी' अशी खूण उरते, उद्या परत बसवलं तर घडी तशीच मिळते. आणि 'पर्ज' केलं तरी तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाहीत, हेही बरोबर. डेबियनच्या धोरणात असंही लिहिलंय की या स्क्रिप्ट दोनदा चालल्या तरी बिघाड होता कामा नये. पॅकेज बसतं, बदलतं आणि निघतं की नाही हे तपासायला पियुपार्ट्स नावाचं खास साधन आहे. घरच्या पॅकेजांवर अशी नजर असते.

बाहेरून आलेल्या डेब फाइलवर ही नजर नसते, हक्क मात्र तेच. प्रिंटर कंपनीच्या स्क्रिप्टला जो रूट मिळतो, तोच डेबियनच्या स्वतःच्या माणसाने वर्षानुवर्षं सांभाळलेल्या पॅकेजला. रूटने चाललेल्या स्क्रिप्टमध्ये एक चूक काय करते, याचं उदाहरण २०११ सालचं आहे. बंबलबी नावाच्या ग्राफिक्सच्या प्रकल्पात बसवण्याच्या स्क्रिप्टमध्ये पुसायच्या पत्त्यात 'यूएसआर'नंतर एक मोकळी जागा पडली. एका फोल्डरऐवजी अख्खं 'यूएसआर' उडालं. एक स्पेस, मंडळी!

उलट दिशेने २०२१ मध्ये काय झालं तेही आठवा. लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम बसवायला घेतलं. अवलंबित्वाच्या घोळात एपीटीने अख्खा डेस्कटॉप काढायचं ठरवलं, आणि धोका सांगून 'येस, डू ॲज आय से' असं पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं. त्याने केलं, डेस्कटॉप गेला. नंतर एपीटीच्या कर्त्यांनी वाक्य लिहून मोकळं होण्याची ती वाट बंद केली. आता वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. बदल योग्यच. पण त्यातून स्वभाव दिसतो: गरजेचं काढायला एक वाक्य पुरायचं, आणि नको असलेला ड्रायव्हर काढायला वाक्यसुद्धा चालत नाही.

'फोर्स' आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. डीपीकेजीला जबरदस्तीचे पर्याय भरपूर आहेत, आणि त्यातल्या घातक पर्यायांपुढे तो स्वतःच उद्गारचिन्ह लावतो. पण पॅकेज मोडकं असलं तरी काढ, असं सांगणारा पर्यायसुद्धा स्क्रिप्ट चालवतोच, आणि स्क्रिप्ट पुन्हा तिथेच पडते. आरपीएमला 'नोस्क्रिप्ट्स' सांगता येतं. आर्चच्या पॅकमॅनलाही स्क्रिप्ट वगळ म्हणता येतं. डीपीकेजीत ते साधं दार नाही. म्हणून लोक खिडकीतून उतरतात: 'व्हार'मधल्या 'लिब'मधल्या 'डीपीकेजी'च्या 'इन्फो' फोल्डरात जाऊन त्या पॅकेजाच्या स्क्रिप्ट पुसतात, नाहीतर सगळ्या पॅकेजांची नोंद असलेली स्टेटस फाइल संपादकात उघडून त्यातला परिच्छेद कापतात. दार न ठेवण्यामागची भीती आम्हाला कळते, लोक ते रोज वापरतील. पण खिडकीतून उतरण्यात पाय मोडायची शक्यता जास्त, हेही बघायला नको का? निक्ससारख्या व्यवस्थेत हा प्रश्न बराचसा उद्भवत नाही, कारण तिथे पॅकेज आपल्या वेगळ्या फोल्डरात राहतं आणि कोणी वापरत नसलं की कचरा म्हणून झाडलं जातं. पण ते घरच वेगळ्या पायावर बांधलेलं आहे. डेबियनवाल्याने उद्या तिकडे राहायला जावं, असा सल्ला आम्ही देणार नाही.

तोवर करायचं काय? पुसू नका, वाचा. त्याच 'इन्फो' फोल्डरात पॅकेजाच्या नावापुढे 'प्रीआरएम' किंवा 'पोस्टआरएम' लावलेली फाइल असते, बहुतेक वेळा वीस-तीस ओळींची. आधी तिची प्रत काढून ठेवा. दुसऱ्या ओळीवर 'सेट मायनस एक्स' लिहा आणि काढण्याची कमांड पुन्हा द्या. स्क्रिप्ट प्रत्येक पाऊल बोलून दाखवेल आणि कुठे पडते ते दिसेल. तेवढ्या एका ओळीपुढे 'किंवा खरं' अशी जोड द्या, म्हणजे दोन उभ्या रेघा आणि 'ट्रू'. बाकीची आवराआवर स्क्रिप्टला करू द्या, ती बहुतेक कामाची असते. सगळीच स्क्रिप्ट पुसली तर बनवलेला युजर, सेवेची नोंद, बाजूला सरकवलेल्या दुसऱ्या पॅकेजाच्या फायली, सगळं तसंच राहतं आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच नावाने त्रास देतं. स्टेटस फाइलला आधीच कोणी कात्री लावली असेल, तर 'व्हार'मधल्या 'बॅकअप्स'मध्ये तिच्या जुन्या प्रती बघा. डेबियन त्या स्वतःहून ठेवत असतं.