उद्धरणांची मोजदाद आणि संशोधनाचे मोल : डॉ. शंभुनाथ डे यांच्या शोधनिबंधांच्या निमित्ताने

प्रस्तावना

वैद्यकीय संशोधकाचे कर्तृत्व कशावरून ठरवावे, हा प्रश्न आज केवळ तात्त्विक राहिलेला नाही. नेमणूक, पदोन्नती, संशोधन अनुदान या सर्व ठिकाणी शोधनिबंधांची संख्या, त्यांना मिळालेली उद्धरणे, नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर आणि लेखकाचा एच-इंडेक्स हे चार आकडे निर्णायक मानले जातात. या आकड्यांविषयी आपल्याकडे दोन टोकाची मते आढळतात. एक पक्ष त्यांना वस्तुनिष्ठतेची हमी समजतो. दुसरा त्यांना निव्वळ कारकुनी ठरवून मोकळा होतो. प्रस्तुत लेखात कोलकात्याचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. शंभुनाथ डे (१९१५-१९८५) यांच्या लेखनाचा आणि त्याला लाभलेल्या उद्धरणांचा विचार करून या दोन्ही मतांची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

संशोधनाचे स्वरूप

कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये ओळखला आणि रोगाची लक्षणे त्या जंतूच्या विषामुळे उद्भवत असावीत, असा तर्कही मांडला. पुढील सुमारे सत्तर वर्षे मात्र ते विष हाती लागले नाही. जंतू फुटल्यावर बाहेर पडणाऱ्या अंतर्विषावर बहुतेकांचे लक्ष केंद्रित झाले होते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत जंतू वा त्यांचे अंश रक्तात किंवा उदरपोकळीत टोचले जात. जो रोग आतड्यात घडतो त्याचा शोध आतड्याबाहेर चालला होता, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

डे यांचे वेगळेपण येथे दिसते. लंडनमध्ये रॉय कॅमेरॉन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. पूर्ण करून ते कोलकात्यास परतले. १९५३ मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडण्याची पद्धत वर्णन केली. बांधलेल्या भागात द्रव साठून तो फुगला. साधन साधे होते. पण रोगाची कृती जेथे होते तेथेच ती पाहण्याची सोय त्यातून झाली. १९५६ मध्ये हीच पद्धत त्यांनी ई. कोलाय या जंतूच्या काही प्रकारांना लावली. अखेर १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एकट्या डे यांच्या नावाने जेमतेम दोन पानांचा निबंध आला. जंतू गाळून काढलेल्या संवर्धद्रवानेही आतड्यात तोच परिणाम होतो, हे त्यात दाखवले होते. म्हणजे रोगास कारण होणारे विष जंतू बाहेर सोडतो, हे प्रयोगाने सिद्ध झाले.

त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधील एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनीही जंतूंऐवजी त्यांच्यापासून मिळवलेले विषद्रव्य देऊन सशाच्या पिलांत कॉलऱ्यासारखा अतिसार घडवून आणल्याचे प्रसिद्ध केले. एकाच वर्षी देशातील दोन शहरांतून एकाच प्रश्नाचे उत्तर दोन मार्गांनी आले, ही गोष्ट आपल्या विज्ञानेतिहासात जितकी सांगितली जावयास हवी होती तितकी सांगितली गेली नाही.

उद्धरणांचा इतिहास

१९५९ चा निबंध प्रतिष्ठित नियतकालिकात छापला गेला, तरी प्रारंभीची काही वर्षे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९६० मध्ये ढाक्यात कॉलरा संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. १९६१ मध्ये इंडोनेशियातून सातवी जागतिक साथ सुरू झाली. पाश्चात्त्य प्रयोगशाळांचे लक्ष या रोगाकडे वळले. १९६९ मध्ये फिंकेलस्टाइन आणि लोस्पॅलुटो यांनी कॉलऱ्याचे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले, आणि ते पेशीत कसे कार्य करते याचा उलगडा पुढील दशकात होत गेला. या काळात डे यांची उद्धरणे वाढली. तोपर्यंत ते स्वतः या क्षेत्रातून जवळजवळ बाहेर पडले होते. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ मध्ये स्टॉकहोम येथील कॉलऱ्याविषयीच्या नोबेल परिसंवादाचे त्यांना निमंत्रण आले, तेव्हा मायदेशातील एकाही विज्ञान अकादमीचे सदस्यत्व त्यांच्याकडे नव्हते. ते त्यांना हयातीत मिळालेच नाही.

डे यांचे नाव भारतीय वाचकांसमोर नव्याने आणण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांत यूजीन गारफिल्ड यांचे स्थान महत्त्वाचे आहे. सायन्स सायटेशन इंडेक्सचे जनक असलेल्या गारफिल्ड यांनी डे यांच्या मृत्यूनंतर १९८६ मध्ये कॉलरा संशोधनाचा उद्धरणांच्या आधारे आलेख मांडला आणि त्यात डे यांचे कार्य केंद्रस्थानी दाखवले. १९९० मध्ये ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला. आपल्या अकादम्यांच्या हातून घडलेल्या या अक्षम्य दुर्लक्षाचा उल्लेखही त्यात झाला.

मोजमापाच्या मर्यादा

हा इतिहास समोर ठेवला की आजच्या मापदंडांतील उणिवा स्पष्ट होतात. पहिली उणीव काळाची. इम्पॅक्ट फॅक्टर ठरवताना मागील दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षी मिळालेली उद्धरणे मोजली जातात. जो निबंध दहा वर्षांनी फळास येतो तो या खिडकीतून दिसत नाही. शिवाय हे माप नियतकालिकाचे आहे. एखाद्या लेखाचे वा लेखकाचे नाही.

दुसरी उणीव संख्येची. २००५ मध्ये हर्श यांनी सुचवलेला एच-इंडेक्स लेखकाच्या एकूण निबंधांच्या संख्येपेक्षा कधीही मोठा असू शकत नाही. तीन निबंधांनी ज्ञानशाखेची दिशा बदलणाऱ्याचा एच-इंडेक्स त्या तिघांपुरता तीनच राहील. तीस सामान्य निबंध लिहून प्रत्येकी तीस उद्धरणे मिळवणाऱ्याचा तो तीस होईल.

तिसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. एखादी पद्धत सर्वमान्य झाली की तिचा मूळ कर्ता उद्धृत करण्याची गरज कोणास वाटत नाही. आतड्याचा भाग बांधून विष तपासण्याची रीत पाठ्यपुस्तकात गेली, आणि तिच्यामागचे नाव मागे पडले. म्हणजे यशाच्या परमोच्च टप्प्यावर उद्धरणे वाढण्याऐवजी घटू शकतात.

चौथी उणीव अशी की उद्धरण मान्यता आणि खंडन यांत भेद करत नाही. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लसीकरणासंबंधीचा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधील लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, पण तो विपुल प्रमाणात उद्धृत झाला आहे, आणि त्यातील बहुतांश उद्धरणे त्याला खोडून काढणारी आहेत. संख्येविषयीही तेच. जपानमधील भूलतज्ज्ञ योशिताका फुजी यांच्या १७२ निबंधांतील माहिती बनावट असल्याचे २०१२ मधील चौकशीत निष्पन्न झाले. इतकी वर्षे ती यादी विक्रमी कर्तृत्व म्हणून मिरवत होती.

प्रतिपक्षाचा विचार

एवढ्यावरून आकडे टाकून द्यावेत, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. डे यांना ज्यांनी डावलले ते उद्धरणे मोजत नव्हते. त्या काळी निर्णय समव्यावसायिकांच्या मतावर होत, आणि ते मतच अपुरे ठरले. ओळखीपाळखी, संस्थेचा दबदबा, महानगरातील वर्तुळे यांचा प्रभाव तज्ज्ञमतावर पडतो, हे आपण अनुभवाने जाणतो. उलट, दूरदेशीच्या एका निर्देशसूचीने, कोणाचीही भीड न बाळगता, विसरलेले नाव वर आणले. एका अर्थाने आकड्यानेच येथे माणसांची चूक उघड केली.

म्हणून दोष मोजण्यात नसून वाचणे सोडून देण्यात आहे. गारफिल्ड यांनी नुसती बेरीज केली नव्हती. कोणता निबंध कोणत्या निबंधाला कशासाठी जोडला गेला, हे त्यांनी पाहिले होते. आपण त्यांचे साधन घेतले आणि दृष्टी मागे ठेवली.

समारोप

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या लेखनाला गुण लावले. त्यातून निकृष्ट नियतकालिकांचे पीक आले, आणि त्यास आळा घालण्यासाठी पुढे केअर यादी करण्यात आली. २०२५ मध्ये ती यादीही बंद करण्यात आली आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली गेली. आता आडोसा उरलेला नाही. निवड समितीत बसणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला अर्जदाराचे निदान दोन निबंध प्रत्यक्ष वाचून, त्यांतील प्रश्न कोणता आणि उत्तर कसे मिळवले, यावर चार वाक्ये लिहिता आली पाहिजेत. आकडा हा साक्षीदार म्हणून बोलवावा; त्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसवू नये.

१९५९ चा तो दोन पानांचा निबंध वाचण्यास पाऊण तासही पुरे होता. तेवढा वेळ येथे कोणी काढला असता, तर एका संशोधकाला हयातीतच न्याय मिळाला असता. आज आपल्यापुढील अर्जांच्या ढिगात तसा एखादा निबंध असेल, तर तो आपण ओळखू काय, हा या चर्चेचा खरा प्रश्न आहे.