वेबटूपायचा पहारेकरी फक्त पुढच्या दारावर

वेबटूपाय हे फ्रेमवर्क २००७ साली शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातल्या मास्सिमो दी पिएर्रो यांनी शिकवण्याच्या गरजेतून काढलं. ते वळण अजून दिसतं, सुरुवात फार सोपी आहे. समजा तुमच्या सर्वेक्षणात 'गाव' आणि 'कुटुंब' असे दोन टेबल आहेत. कुटुंबात गावाकडे बोट दाखवणारं रेफरन्स फील्ड ठेवलं आणि गावाच्या टेबलाला फॉरमॅट म्हणून नाव दिलं, की फॉर्मवर गावांची यादी आयती येते. व्हॅलिडेटर फ्रेमवर्कच लावून देतं.

माझी तक्रार या सोपेपणाबद्दलच आहे. रेफरन्स आणि व्हॅलिडेटर एकाच मॉडेल फाइलमध्ये शेजारी शेजारी लिहितो, त्यामुळे दोन्ही सारखेच पक्के वाटतात. तसं नाहीये. रेफरन्स डेटाबेसमध्ये फॉरेन की म्हणून उतरतो. व्हॅलिडेटर पायथॉनमध्येच राहतो आणि फॉर्म भरताना जागा होतो. साध्या इन्सर्टने ओळ टाकली तर त्याला कुणी विचारत नाही. वयाला १२० ची मर्यादा घालूनही स्क्रिप्टमधून २५० वर्षांचा कुटुंबप्रमुख आरामात आत येतो! तो अडवायचा तर 'व्हॅलिडेट अँड इन्सर्ट' ही वेगळी पद्धत वापरावी लागते. (जांगोतही सेव्ह करताना व्हॅलिडेटर आपोआप चालत नाहीत, तेव्हा दोष एकट्या वेबटूपायचा नाही.) पण आपल्याकडची बरीचशी माहिती एक्सेलमधून, स्क्रिप्टनेच येते ना? मग वयासारखी मर्यादा डेटाबेसमध्येच 'चेक' म्हणून घातलेली बरी.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. 'ऑनडिलीट' काही लिहिलं नाही, तर वेबटूपाय 'कॅस्केड' धरतं. एकच गाव दोन स्पेलिंगने आलंय म्हणून तुम्ही त्यातलं एक काढलंत, की त्याला जोडलेली सगळी कुटुंबं त्याच्याबरोबर जातात, एकही सूचना न येता. एखाद्या ब्लॉगच्या पोस्टबरोबर तिच्या कमेंट गेल्या तर चालतं. क्षेत्रकार्यात महिनाभर फिरून गोळा केलेल्या नोंदींना हा नियम लावणं मला पटत नाही. जांगोने २.० पासून, म्हणजे २०१७ पासून, हा निर्णय प्रोग्रामरला स्वतः लिहायला लावला, ते योग्य केलं. वेबटूपायमध्ये 'नो अ‍ॅक्शन' लिहून ठेवा. मग कुटुंबं जोडलेली असताना गाव काढू गेलात तर डेटाबेस नकार देईल, आणि आधी ती कुटुंबं बरोबर स्पेलिंगच्या गावाकडे वळवावी लागतील.