मानवतावादातला माणूस कोण?

युरोपीय प्रबोधनाने माणसाला विचाराच्या केंद्रस्थानी आणले, असे आमची पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. पेट्रार्क, इरॅस्मस, पिको, मोर ही नावे वाशीच्या वर्गात मीही फळ्यावर लिहितो. समोरची कित्येक पोरे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. घरात पहिल्यांदाच पुस्तक आलेली, माझ्यासारखीच. त्यांच्या वतीने ह्या मानवतावादाला विचारलेच पाहिजे : तुमचा हा माणूस नेमका कोण?

माणसाला नेमून दिलेली जागा नाही, तो स्वतःला घडवतो, असे पिकोने १४८६ साली लिहिले. जन्मानेच जागा ठरविणाऱ्या समाजात हे वाचताना अंगावर काटा येतो. पण तीसच वर्षांनी आलेली मोरची ‘युटोपिया’ उघडून पाहा. खाजगी मालमत्ता नसलेले, सोने तुच्छ मानणारे ते आदर्श बेट! तिथे जनावरे कापण्याचे काम मात्र गुलामांकडे. का? तर नागरिकांच्या मनातली करुणा बोथट होऊ नये म्हणून! करुणा एकाची जपायची आणि सुरी दुसऱ्याच्या हाती द्यायची, हा नकाशा गावकुसाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मोरच्या बेटावर गुलामाचे मूल गुलाम ठरत नाही, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. आपल्याकडे तेवढीही सवलत नव्हती.

महाराष्ट्राच्या प्रबोधनाची कथा सांगताना आमचे समीक्षक ‘दर्पण’पासून (१८३२) निघतात आणि वाटेत कुठेतरी जोतीरावांना रांगेत बसवितात. मला ही रांगच मान्य नाही. जोतीरावांचे नाते जोडायचेच तर लोरेन्झो व्हालाशी जोडावे लागेल. पोपच्या सत्तेला आधार देणारे कॉन्स्टंटाइनचे दानपत्र बनावट आहे, हे व्हालाने १४४० मध्ये त्यातल्या भाषेवरूनच दाखवून दिले. ‘गुलामगिरी’त (१८७३) जोतीराव अवतारकथांची अशीच उलटतपासणी करतात. त्यांच्या व्युत्पत्त्या भाषाशास्त्रावर टिकत नाहीत. व्हाला पंडित म्हणून कितीतरी सरस. परंतु व्हाला लॅटिनमध्ये लिहीत होता, आणि पोपशी वैर असलेल्या राजा आल्फोन्सोच्या आश्रयाने. जोतीराव धोंडीबाशी बोलतात, धोंडीबाला कळेल अशा मराठीत. ग्रंथप्रामाण्य मोडणे पंडितालाही जमते. ते ज्याच्या मानेवर बसले आहे त्याच्याशी बोलत मोडणे ही वेगळीच गोष्ट आहे.

म्हणूनच १८८५ साली रानड्यांकडून आलेले ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले. माणसाचे हक्क प्रत्यक्षात नाकारणाऱ्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. दलित साहित्याच्या नकाराची परंपरा शोधणाऱ्यांनी ह्या पत्रापाशी अधिक थांबायला हवे होते.

हे सारे उसने, असा एक ठेवणीतला आक्षेप असतो. टॉमस पेन वाचल्याचे ऋण जोतीरावांनी लपविले नाही. समतेची तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, बुद्धाकडून घेतली, हे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून स्पष्ट केले.

आणखी एक गोष्ट. पिकोचा ईश्वर बोलतो तो आदमशी. पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिलेल्या आणि मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात जोतीराव नुसते ‘मानव’ म्हणून थांबत नाहीत. पुन्हा पुन्हा ते ‘स्त्री-पुरुष’ असे लिहितात, आणि त्यात स्त्री आधी.