नाकारलेले ज्ञान आणि व्याख्येचा प्रश्न

मराठीत ‘गूढवाद’ ही संज्ञा परमतत्त्वाशी एकरूप होण्याच्या अनुभवासाठी रूढ आहे. हर्मेसच्या नावावरील वाङ्मय, किमया, ख्रिस्ती कबाला या पाश्चात्त्य परंपरांनाही तेच नाव दिल्याने घोटाळा होतो. म्हणून त्यांच्यासाठी येथे ‘गुह्यविद्या’ हा शब्द योजला आहे. नाव वेगळे केल्याने व्याख्येचा प्रश्न मात्र सुटत नाही.

१९६४ मध्ये फ्रान्सिस येट्स यांचा जिओर्दानो ब्रूनोवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि प्रबोधनकालीन विचारातील हर्मेसपरंपरेकडे विद्वानांना गांभीर्याने पाहावे लागले. आंत्वान फेव्र यांनी १९९२ मध्ये गुह्यविद्येची चार अनिवार्य लक्षणे मांडली: विश्वघटकांमधील सादृश्यसंबंध, चैतन्यमय निसर्ग, कल्पनाशक्ती व मध्यस्थ, आणि रूपांतराचा अनुभव. या मांडणीने अभ्यासाला शिस्त आली. परंतु ती मुख्यतः प्रबोधनकालीन साधनांवर बेतलेली आहे. त्यामुळे ही लक्षणे ज्यांत क्षीण होतात ते उत्तरकालीन प्रवाह आपोआप उणे ठरतात. वर्णनाचा असा नकळत निकष होतो.

वाउटर हानेग्राफ यांनी २०१२ च्या ग्रंथात प्रश्नच उलटा केला. या परंपरांना एकत्र बांधणारे सूत्र त्यांच्या अंतरंगात नसून, प्रॉटेस्टंट धर्मचिंतकांनी आणि ज्ञानोदयाच्या पुरस्कर्त्यांनी त्यांना दिलेल्या नकारात आहे, असे ते दाखवतात. हा विचार मोलाचा आहे. पण त्यातही एक धोका संभवतो. फिचिनोने १४६३ मध्ये कोसिमो दे मेदिचीसाठी हर्मेसच्या ग्रंथांचे लॅटिन भाषांतर केले, तेव्हा ते त्याच्या दृष्टीने आदिम प्रज्ञेचे पूज्य वाङ्मय होते. हे ग्रंथ ख्रिस्तोत्तर काळातील आहेत, हे इझाक काझोबोंने भाषिक पुराव्यांच्या आधारे १६१४ मध्ये दाखवले. फिचिनोच्या कार्याला ‘नाकारलेले ज्ञान’ म्हणणे म्हणजे पुढच्या शतकांचा निवाडा मागे नेऊन लादणे होय. हानेग्राफ यांना याची जाण आहे; प्राचीन प्रज्ञेच्या त्या कल्पनेचेच विवेचन ते आधी करतात. तथापि संज्ञा एकदा रूढ झाली की ग्रंथकर्त्याची सावधगिरी तिच्यासोबत जातेच असे नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला यातून घेण्याजोगे बरेच आहे. संहितेचा काळ चुकीचा ठरला, म्हणून त्या चुकीवर विसंबून घडलेले वाचन इतिहासातून पुसले जात नाही. संहितेची निर्मिती आणि तिचे ग्रहण यांचे दोन इतिहास स्वतंत्रपणे तपासावे लागतात. त्यासाठी अभ्यासकाला या विद्येची दीक्षा घ्यावी लागत नाही, आणि तिच्यावर खटला भरण्याचेही प्रयोजन उरत नाही.