दरी कोण ओलांडतो? : रिचर्ड हीक्स यांच्या ई-शासनविषयक संशोधनाचे एक परीक्षण

ई-शासनाविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा दोन टोकांचे असते. एकीकडे सरकारी यशोगाथा, दुसरीकडे ‘सर्व्हर डाऊन’ची तक्रार. योजना का फसते याची पद्धतशीर मांडणी त्यात क्वचितच सापडते. मी संगणकाचा जाणकार नव्हे. जुनी महसुली दप्तरे वाचता वाचता या विषयाकडे आलो. त्या वाटेवर सर्वांत उपयोगी पडले ते मँचेस्टर विद्यापीठातील अभ्यासक रिचर्ड हीक्स यांचे लेखन. त्याचे मोल मान्य करूनच त्यातली एक उणीव येथे मांडतो.

विकसनशील देशांतील ई-शासनावरच्या 2003 च्या निबंधात हीक्स यांनी अंदाज मांडला की अशा प्रकल्पांपैकी सुमारे 35 टक्के पूर्णतः फसतात, 50 टक्के अंशतः फसतात आणि जेमतेम 15 टक्के यशस्वी होतात. हे आकडे पुढे जगभर उद्धृत झाले. आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे ती त्यांची यशाची व्याख्या. संबंधित गटांपैकी बहुतेकांची मुख्य उद्दिष्टे साधली आणि कुणावर मोठे अनिष्ट परिणाम झाले नाहीत, तरच प्रकल्प यशस्वी. यंत्रे बसली, उद्घाटन झाले, एवढ्याने भागत नाही.

अपयशाचे कारण त्यांच्या मते आराखडा आणि वास्तव यांतील दरी. ही दरी ते सात अंगांनी मोजतात : माहिती, तंत्रज्ञान, कार्यपद्धती, उद्दिष्टे व मूल्ये, कर्मचारी व त्यांची कौशल्ये, व्यवस्थापन व रचना, आणि वेळ-पैसा ही साधने. प्रत्येक अंगाला शून्य ते दहा गुण; बेरीज जितकी सत्तरच्या जवळ, तितका धोका अधिक. मग एकतर आराखडा वास्तवाकडे आणायचा किंवा वास्तव आराखड्याकडे. दोष यंत्रात किंवा माणसांच्या अडाणीपणात शोधायच्या सवयीला ही मांडणी चांगला शह देते.

आपल्याकडच्या सातबाऱ्याला ती लावून पाहावी. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद. हस्तलिखित उतारे संगणकात गेले तेव्हा मूळ वहीतल्या चुका तर गेल्याच, नोंद करतानाच्या नव्या चुकांचीही भर पडली. 40 आर क्षेत्राचे 4 आर झालेले, वारसांपैकी एका बहिणीचे नाव गळालेले उतारे मी स्वतः पाहिले आहेत. हीक्स यांच्या भाषेत ही माहितीच्या अंगातली दरी. तंत्रज्ञान चोख होते; उतारा क्षणात छापून मिळत होता. फक्त तो खरा नव्हता. हे निदान त्यांच्या सात अंगांमुळे नेमके करता येते.

पण पुढचा प्रश्न ही चौकट विचारत नाही. क्षेत्र दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज करायचा, जुन्या वहीच्या नकला काढायच्या, तहसीलदारांच्या आदेशाची वाट पाहायची. आणि तोवर पीककर्ज अडलेले. चूक दप्तराची, हेलपाटे खातेदाराचे. प्रकल्पाच्या गुणपत्रिकेत हे हेलपाटे कुठे मांडायचे?

ई-पीक पाहणीत हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर, एरवी तलाठ्याने करायची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर, शेतातल्या छायाचित्रासह करायची असे ठरले. कल्पना वाईट नाही. कचेरीत बसून भरलेल्या पीकपेऱ्याचा इतिहास कोणाला ठाऊक नाही? पण हीक्स यांच्या मापाने पाहिले तर तलाठ्यावरचा भार कमी झाला, म्हणजे कर्मचारी आणि वेळ या अंगांतली दरी घटली. प्रत्यक्षात ती शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बसली. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, शिवारात रेंज आहे, घरात शिकलेला नातू आहे, तो ती ओलांडतो. एकट्या म्हातारीची नोंद राहून जाते आणि हमीभाव खरेदीच्या वेळी तिचा उतारा कोरा निघतो. पुढे नोंदणीसाठी गावपातळीवर सहायक नेमावे लागले, हे पुरेसे बोलके आहे.

माझा आक्षेप असा : हीक्स दरी किती रुंद आहे हे मोजतात, ती कोणाला ओलांडावी लागते हे मोजत नाहीत. त्यांच्या यशाच्या व्याख्येत ‘संबंधित गट’ आहेत, परंतु सात अंगांच्या बेरजेत ते गट विरघळून जातात. एका गटाची दरी दुसऱ्याच्या पदरात टाकूनही बेरीज सुधारू शकते. स्थानिक पातळीवर जुळवून घेण्याला त्यांनी 2002 च्या निबंधात मोठे स्थान दिले, ते योग्यच. मात्र अशी जुळवाजुळव करण्याची ताकद गावात सर्वांकडे सारखी नसते.

या मांडणीची दुरुस्ती आपल्याच महसुली परंपरेत सापडते. 2017 मध्ये राज्यात संगणकीकृत सातबाऱ्याचे चावडी वाचन झाले. गावासमोर उतारा मोठ्याने वाचायचा, खातेदाराने ऐकायचे, चूक असेल तर तिथेच सांगायची. सर्व चावड्यांवर ते मनापासून झाले असे मी म्हणणार नाही. परंतु त्यामागचे तत्त्व मोलाचे आहे. नोंद खरी की खोटी हे ठरवण्यात खातेदाराला स्थान मिळते आणि चूक शोधण्याचा भार शासन स्वतः त्याच्या दारी नेते.

म्हणून हीक्स यांची सात अंगे जरूर वापरावीत, पण गुण प्रकल्पाला एकदाच देऊ नयेत. तलाठ्यासाठी वेगळे, बँकेसाठी वेगळे, आणि ज्या बहिणीचे नाव गळाले तिच्यासाठी वेगळे द्यावेत, आणि त्यांची बेरीज करू नये.