शिकारकथेतले काडतूस

मध्य प्रांतातल्या जंगलांविषयी लिहिणाऱ्याला जेम्स फोर्सिथचे नाव कधी ना कधी घ्यावेच लागते. 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे त्याचे पुस्तक १८७१ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, बाहेर आले. तेव्हापासून सातपुड्याची, सालवनाची आणि गोंड वस्त्यांची वर्णने त्यातून उचलली जात आहेत. याच फोर्सिथने आठ वर्षे आधी, १८६३ मध्ये, 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' हे पुस्तक लिहिले होते. त्याकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. त्यात निसर्गवर्णन नाही, फक्त नळी, दारू आणि गोळी. मला मात्र हे कोरडे पुस्तकच पहिल्याची किल्ली वाटते.

फोर्सिथचे म्हणणे सरळ आहे. विलायती कारागीर लांबच्या निशाण्यासाठी रायफली घडवत होते. लांबट गोळी, नळीच्या आत घट्ट पीळ, दारू बेताची. आपल्या रानात जनावर जवळून, झुडपातून, पळताना दिसते आणि अंतर मोजायला वेळ नसतो. म्हणून त्याला गोल गोळी, सैल पीळ आणि भरपूर दारू हवी होती. म्हणजे शंभर यार्डांच्या आत गोळी जवळजवळ सरळ जाईल आणि अंतराचा अंदाज चुकला तरी नेम चुकणार नाही. रानाचा स्वभाव ओळखून हत्यार ठरवणारा हा माणूस पुढे त्याच रानाचे वर्णन करतो, तेव्हा उतार, नाला, गवताची उंची, जनावर उठल्याचे अंतर या गोष्टी इतक्या नेमक्या का येतात, ते कळते. त्याची नजर कवीची नाही, अंतर जोखणाऱ्याची आहे.

या साहित्याचे मराठी वाचन इथेच अडखळते, आणि त्याला मापेही कारण आहेत. आपण 'बारा बोअर' म्हणतो आणि 'तीनशे पंधरा बोअर'ही म्हणतो. पहिल्यात एका रत्तल शिशाच्या किती गोळ्या होतात ते सांगितलेले असते, म्हणजे आकडा वाढला की गोळी लहान. दुसऱ्यात इंचाचे हजारांश भाग असतात, म्हणजे आकडा वाढला की गोळी मोठी. एकच शब्द दोन उलट्या मापांना लावल्यावर वाचकाच्या हाती काय लागणार? 'ग्रेन'चेही तसेच. ब्रिटिश अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. त्या हिशेबाने कॉर्बेटच्या .२७५ रिग्बीची १४० ग्रेनची गोळी नऊ माशांच्या थोडी वर भरते. त्याच्याच .४५०/४०० दुनळीची ४०० ग्रेनची गोळी जवळपास सव्वादोन तोळ्यांची, आणि .४७० ची ५०० ग्रेनची पावणेतीन तोळ्यांची. सोनाराच्या तागडीवर घातली की ही रायफल आणि ती रायफल यांतला फरक मराठी माणसाला लगेच समजतो.

फोर्सिथच्या काळात गोळी शिकारी स्वतः ओतत असे. एकोणिसावे शतक संपता संपता बर्मिंगहॅमच्या किनॉकसारख्या कारखान्यांची तयार काडतुसे आली आणि शिकाऱ्याची निवड पाकीट विकत घेण्यापुरती उरली. ती वाटते तितकी सोपी नव्हती. दुनळी रायफलच्या दोन नळ्या एकाच ठिकाणी मारतील अशा जुळवलेल्या असतात, आणि तो जुळवा विशिष्ट वजनाच्या गोळीसाठी व विशिष्ट वेगासाठी असतो. पाकीट बदलले की दोन नळ्यांची तोंडे दोन दिशांना. कॉर्डाइट दारूवर उष्णतेचाही परिणाम होतो. तापलेल्या काडतुसात दाब वाढतो आणि रिकामे झालेले टरफल नळीत अडकू शकते. वाघाची शिकार चैत्र-वैशाखात, पाणवठे आटल्यावर. चांद्याचा वैशाख कसा असतो, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. दमट-उष्ण देशांसाठी कारखाने थोडी कमी दारू भरलेली काडतुसे वेगळी काढत, आणि मोठ्या नायट्रो एक्स्प्रेस काडतुसांची लांबलचक, कमी दाबाची घडण याच भीतीपोटी आली. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० ची आयात बंद केली. ती काडतुसे बंडखोरांच्या जुन्या मार्टिनी-हेन्रींना उपयोगी पडतील, ही धास्ती. मग .४६५, .४७०, .४७५ अशी मापे निघाली. आज भारदस्त वाटणारे हे आकडे एका सरकारी हुकमातून जन्मले आहेत.

खरी निवड मात्र गोळीच्या टोकाची. टोकाशी शिसे उघडे ठेवलेली सॉफ्ट नोज अंगात शिरताच फुलते आणि रुंद जखम करते. पूर्ण कवचाची सॉलिड फुलत नाही, खोल जाते. वाघाची कातडी पातळ, हाडे गव्याच्या मानाने हलकी, म्हणून त्याला सॉफ्ट नोज. गवा, रानम्हैस, हत्ती यांना सॉलिड. उलट केले तर वाघाच्या अंगातून गोळी आरपार जाते आणि तो चालू लागतो. गव्याच्या खांद्यावर सॉफ्ट नोज वरच फुटते आणि तोही चालू लागतो. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने फुलणारी गोळी युद्धात निषिद्ध ठरवली. कलकत्त्याजवळच्या डमडमचे नाव त्या गोळीला कायमचे चिकटले. माणसाच्या बाबतीत जे क्रौर्य ठरले, तेच वाघाच्या बाबतीत दयेचे ठरते, हा पेच शिकारसाहित्यात कुणी नीट हाताळलेला मला दिसला नाही.

कॉर्बेट त्याच्या सर्वांत जवळ येतो. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' (१९४४) मध्ये तो नरभक्षक होण्याचे मुख्य कारण जखम हेच देतो. ४३६ बळींची म्हणून प्रसिद्ध असलेली चंपावतची वाघीण १९०७ मध्ये मारल्यावर त्याने तिचे तोंड उघडून पाहिले. उजवीकडचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते, जुन्या गोळीने. म्हणजे ती कथा कॉर्बेटच्या गोळीने संपत असली, तरी सुरू झाली दुसऱ्याच कुणाच्या तरी गोळीने. त्या माणसाचे नाव, त्याची बंदूक, त्याचे काडतूस पुस्तकात नाही. शिकारसाहित्यावरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. मारलेल्या जनावरांची लांबी इंचापर्यंत दिलेली असते. जखमी होऊन निसटलेल्यांची यादी कुणी देत नाही. तरी कॉर्बेट प्रामाणिक. त्या दिवशी जवळ तीनच काडतुसे होती, ती संपल्यावर तहसीलदाराची बंदूक आणायला धावावे लागले, हे तो लपवत नाही. त्याची ती रायफल .५०० 'मॉडिफाइड कॉर्डाइट' होती. हा शब्द 'सुधारित' असा वाचला की अर्थ उलटा होतो. तिच्यात भरायची ती मर्यादित केलेली, पूर्ण नायट्रोपेक्षा कमी दारू. हे कळले की त्या तीन काडतुसांचा प्रसंग आणखी ताणला जातो.

मराठी शिकारकथेत बहुधा 'बार काढला', 'गोळी झाडली' एवढ्यावर काम भागते. हाका, मचाण, गारा यांची शब्दसंपत्ती आपल्याकडे रसरशीत आहे. मारुती चितमपल्लींनी तर झाडा-पाखरांच्या नावांचे भांडार मराठीत आणले. बंदुकीपाशी आलो की आपली भाषा मुकी होते. आणि बंदुका तर इथे होत्या. गडचिरोलीची भरमार, पोलिसांच्या बातम्यांतून आजही डोकावणारी, तीत छरे किंवा खिळ्यांचे तुकडे. परवान्यावरची बारा बोअर, तीत एल.जी.च्या मोजक्या गोळ्या. ईशापूरची .३१५, तिची २४४ ग्रेनची गोळी. डुकरासाठी भरलेला बार वाघावर सुटला तर काय होते, हे चंपावतच्या सुळ्यांनी सांगितलेच आहे. साहेबाच्या पावणेतीन तोळ्यांवर ग्रंथ आहेत. भरमारीवर एक प्रकरणही नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपवली, पण ११ व्या कलमात माणसाला धोकादायक ठरलेल्या जनावरासाठी दार किंचित उघडे ठेवले. २ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळ जिल्ह्यात टी-१ म्हणजे अवनी वाघीण मारली गेली, तेव्हा महिनोन् महिने वाद चालला तो गोळी कोणत्या बाजूने शिरली आणि वाघीण अंगावर येत होती की नाही यावर. मराठी वृत्तपत्रांनी वाघाच्या अंगातल्या गोळीची दिशा इतक्या बारकाईने पूर्वी क्वचितच छापली असेल. त्या लेखनाला मी शिकारसाहित्याचेच पुढचे प्रकरण मानतो, फक्त त्याचा लेखक शिकारी नाही, शवविच्छेदन करणारा आहे. राजुऱ्याचा आरटी-१ २०२० मध्ये आणि वडशाकडचा सीटी-१ २०२२ मध्ये बेशुद्ध करून पकडला गेला. तिथे गोळीची जागा डार्टने घेतली. वजनाचा अंदाज तेवढा उरला, कारण औषधाची मात्रा त्यावरच ठरते.

फोर्सिथच्या १८६३ च्या पुस्तकातली निदान गोळी आणि अंतर यांवरची प्रकरणे मराठीत यायला हवीत. 'हायलँड्स'च्या वाचकाने ती आधी वाचावीत. सोबत रत्तल, ग्रेन आणि तोळ्यांचा एक तक्ता जोडला, तर अनुवादकाला तळटीपा फारशा लागणार नाहीत.