किंगरी, मेमरी कार्ड आणि मालकी

आदिलाबाद जिल्ह्यातल्या गाण्याचा गेल्या पंधरा-वीस वर्षांचा हिशेब मांडायचा तर सुरुवात गायकापासून करता येत नाही, मोबाइलच्या दुकानापासून करावी लागते. साधारण 2008 ते 2016 या काळात इथल्या खेड्यापाड्यांत गाणं पोचलं ते मेमरी कार्डावरून. बसस्टँडजवळ किंवा आठवडी बाजाराच्या तोंडाशी, रिचार्ज मारून देणाऱ्या टपरीत एक जुना कॉम्प्युटर असे. दहा-वीस रुपये द्यायचे, कार्ड काढून हातात ठेवायचं आणि 'भरून दे' म्हणायचं. उटनूर, इंद्रवेल्ली, बेला, जैनद, आणि महाराष्ट्रात किनवट, पांढरकवडा, सगळीकडे हेच. किनवट तर 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. पुढे राज्यं वेगळी झाली, गाण्यांची ये-जा मात्र थांबली नाही.

त्या कॉम्प्युटरमधले फोल्डर उघडले की या मुलखात कोण कोण राहतं ते कळे. तेलुगू सिनेमा, जुनी हिंदी, कव्वाल्या, भीमगीतं, विठ्ठलाची भजनं, बंजारा गाणी. आणि एखाद्या फोल्डरात गोंडांच्या दंडारी नाचाची गाणी. मला महत्त्वाचा वाटतो तो हा शेवटचा. ती गाणी कुठल्याही कंपनीनं काढलेली नव्हती. दिवाळीत दंडारी-गुसाडीचा मेळा गावात आला तेव्हा कुणीतरी मोबाइल उंच धरून ती टिपली, ब्लूटूथनं मित्राला दिली, मित्रानं दुकानदाराला. ऐकायला बसलं तर ढोलाचा खर्ज फुटलेला असतो, मोबाइलजवळचं पोर ओरडतं, गाणाऱ्याचा आवाज पाच-पन्नास माणसांच्या पलीकडून येतो. मध्येच एखाद्या डीजेनं स्वतःचं नाव घुमवून चिकटवलेलं असतं. ज्यानं गाणं रचलं नाही, गायलं नाही, त्यानं त्यावर नाव कोरावं आणि जो गायला त्याचं नाव कुठेच नसावं, ही या फाइलींची खरी खोट आहे. आवाजाची खरखर मी माफ करीन.

तरीही ती फाइल होती म्हणून ते गाणं गावाबाहेर गेलं, हे मान्य करायलाच हवं. गोंडी, कोलामी किंवा इथल्या मराठी भजनी मंडळांचं गाणं मोठ्या कंपन्यांच्या यादीत कधी नव्हतंच. गिऱ्हाईक गरीब, विखुरलेलं, भाषा चार. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा थोडं दार उघडलं. पीटर मॅन्युएल यांनी 1993 सालच्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात हा बदल नीट मांडला आहे: एचएमव्हीची सद्दी मोडली, गल्लीबोळांतून कॅसेट कंपन्या उभ्या राहिल्या, बोलीभाषांना पहिल्यांदा बाजार मिळाला. मराठीत याचा सर्वांत मोठा लाभ भीमगीतांना झाला. वामनदादा कर्डकांची गाणी त्याआधीही गायन पार्ट्यांनी आणि हातानं उतरवलेल्या वह्यांनी गावोगाव नेलीच होती. कॅसेटनं त्यांना वेग दिला आणि कॅसेटवरून कॅसेट भरून घेणाऱ्यांनी आणखी वेग दिला. सीमेपलीकडच्या मराठी वस्त्यांत, आदिलाबादच्या भीमजयंतीच्या मिरवणुकीत, ते गाणं पोचलं ते याच वाटेनं. चळवळीचं गाणं परवानगी विचारत फिरलं असतं तर ते चळवळीचं झालंच नसतं.

त्याच काळात टी-सीरिज मोठी झाली. कायद्यातल्या तेव्हाच्या तरतुदीचा आधार घेऊन गुलशन कुमारांनी जुनी लोकप्रिय गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्तात विकली. जुन्या कंपन्या तेव्हा हक्कांच्या नावानं ओरडत होत्या. पुढे स्वतःचा खजिना तयार झाल्यावर हीच कंपनी हक्कांच्या बाबतीत सर्वांत कडक झाली. 2010 मध्ये तिच्या तक्रारीवरून बंगळुरूत गुरुजी डॉट कॉम या शोधयंत्राच्या प्रमुखाला अटक झाली. 2012 मध्ये कंपन्यांच्या संघटनेनं कोलकाता उच्च न्यायालयात जाऊन शंभरावर संकेतस्थळं बंद करवून घेतली. खेड्यातल्या दुकानदाराचा माल बहुतेक अशाच ठिकाणांहून येत असे.

असा खटाटोप आधी अमेरिकेत झाला होता. 1999 मध्ये नॅपस्टर सुरू झालं, दोन वर्षांत न्यायालयानं ते बंद पाडलं. मग 2003 पासून तिथल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी गाणी वाटून घेणाऱ्या सामान्य माणसांवरच हजारो दावे लावले. मिनेसोटातल्या एका बाईला 24 गाण्यांसाठी 2009 मध्ये 19 लाख 20 हजार डॉलरचा दंड ठोठावण्यात आला. अपिलांच्या फेऱ्यांनंतर तो 2 लाख 22 हजारांवर स्थिरावला. 2008 च्या अखेरीस कंपन्यांनी नवे दावे लावणं सोडून दिलं. एवढं करूनही फाइलींची देवघेव थांबली नाही. ती थांबवली ती पुढे स्वस्त इंटरनेटनं आणि फुकट ऐकवणाऱ्या अ‍ॅपांनी.

आपल्याकडे सामान्य श्रोत्यावर असे दावे झाले नाहीत. इथे धाक पोलिसांचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 63 व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. 64 व्या कलमानं फौजदाराला वॉरंटशिवाय माल जप्त करता येतो. 20 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. दहा रुपयांत कार्ड भरून देणाऱ्या टपरीवाल्याला या तरतुदी लावायच्या, हे मला अन्यायाचं वाटतं. त्याचा कॉम्प्युटर गेला की त्याच्याबरोबर दंडारीचा फोल्डरही गेला. कंपनीला त्या फोल्डरशी काही देणंघेणं नव्हतं, आणि त्याची दुसरी प्रत कुठे असेलच याची खात्री नव्हती.

दुकानदाराला मी संत ठरवत नाही. त्याच्या कार्डावर दहात नऊ गाणी सिनेमाची असत आणि त्या गाण्यांमागे गीतकार, संगीतकार, वादक होते. 2016 मध्ये 'सैराट'ची चोरटी प्रत जशी पेन ड्राइव्हवरून फिरली, ती कुठल्याही दृष्टीनं लोककलेची सेवा नव्हती. पण गीतकार-संगीतकारांना लुटणारा तो एकटाच नव्हता. 1977 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सिनेमाच्या गाण्याचे हक्क निर्मात्याकडे आणि त्याच्याकडून कंपनीकडे जात राहिले. रॉयल्टीवरचा कवीचा आणि संगीतकाराचा हक्क कायद्यानं पक्का व्हायला 2012 ची दुरुस्ती यावी लागली. जावेद अख्तरांनी त्यासाठी संसदेत आणि बाहेर केलेली लढाई सगळ्यांना माहीत आहे. 'चोरी'चा गजर सर्वांत मोठ्यानं वाजत होता त्याच वर्षांत निर्मात्यांच्या वह्यांत हेही चाललेलं होतं.

आता या प्रश्नाच्या गाभ्याशी यायला हवं. ध्वनिमुद्रणाचा मालक कोण? कायदा सांगतो, ज्यानं मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. त्याचा हक्क 60 वर्षं. मूळ चाल आणि शब्द परंपरेतले असतील तर त्यांच्यावर कुणाचाच हक्क नाही. ही व्याख्या आदिलाबादच्या परधानाला लावून पाहा.

परधान हे राजगोंडांचे भाट. घोड्याच्या केसांच्या गजानं वाजणारी तीन तारांची किकरी, म्हणजे आपल्याकडची किंगरी, घेऊन ते गोंडांच्या देवांची आणि कुळांची कथा गातात. फ्यूरर-हायमेंडॉर्फ या मानववंश-अभ्यासक दाम्पत्यानं चाळीसच्या दशकात मार्लवाई गावात राहून जे काम केलं, त्यातून 1948 मध्ये 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हा ग्रंथ आला, तो मोठ्या प्रमाणात या परधानांच्या तोंडच्या कथांवर उभा आहे. हायमेंडॉर्फ यांनी नोंदवलेली एक गोष्ट मराठी वाचकानं लक्षात ठेवावी: या परधानांची घरची भाषा मराठी आहे. घरात मराठी बोलणारा माणूस यजमानाच्या देवघरापुढे गोंडी महाकथा गातो. या गाण्याला मालकी नाही असं म्हणणं चूक आहे. कुठली कथा चार देवांच्या, कुठली सात देवांच्या कुळासाठी, ती कुठल्या सणाला, कुणाच्या दारी, कुणी गायची, हे सगळं ठरलेलं असतं. यजमान धान्य, जनावर, पैसा देतो. भाट कुळाची आठवण सांभाळतो. म्हणजे हक्क आहे, मोबदला आहे, मर्यादाही आहे. नाही ते फक्त कागद. आणि आपला कायदा कागद बघतो. उद्या केस्लापूरच्या नागोबा जत्रेत कुणी मोबाइल समोर धरून तासभर परधान टिपला तर त्या मुद्रणाचा मालक मोबाइलवाला. जत्रा ज्यांची त्या मेस्राम कुळाची कथा, गाणारा परधान, दोघंही त्या मालकीच्या बाहेर.

हे कल्पनेतलं संकट नाही. 2020 मध्ये बादशाहच्या 'गेंदा फूल'मध्ये बंगालच्या बीरभूममधल्या रतन कहारांच्या गाण्याचे शब्द आले आणि त्यांचं नाव आलं नाही. लोकांनी आवाज उठवला, तेव्हा त्यांना 5 लाख रुपये दिले गेले. ती रक्कम कायद्यामुळे मिळाली नाही, लाजेखातर मिळाली. शिवाय रतन कहार हे निदान एक नाव असलेले कवी आहेत. परधानांच्या कथेला एकच एक कवी नाही, तेव्हा लाज वाटायलाही समोर कुणी नाही.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि कार्ड भरण्याचा धंदा पाहता पाहता बसला. ब्लूटूथच्या जागी आलेलं शेअरइट जून 2020 मध्ये चिनी अ‍ॅपांवरच्या बंदीत गेलं. आता गाणं यूट्यूबवर आहे. उटनूर-इंद्रवेल्लीकडची तरुण मुलं गोंडीत, बंजारात गाणी लिहितात, शेतात, डोंगरात चित्रीकरण करतात. आपल्या बोलीत आपलं तोंड पडद्यावर दिसणं ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं कौतुक मी हात न आखडता करतो. पण गाणं म्हणून तपासलं तर चिंता वाटते. ठेका जवळजवळ सगळीकडे एकच, डीजेचा, संगणकातून उचललेला. आवाज यंत्रानं इतका सरळ केलेला की गोंडी गळ्याची सुरांमधली ओढ निघून जाते. किंगरी सुरुवातीला दहा सेकंद वाजते, पारंपरिकतेचा शिक्का म्हणून, मग गायब. दंडारीत ठेका हळूहळू चढत जातो, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून वादक तो चढवतो. तो चढ तीन मिनिटांच्या गाण्यात मावत नाही म्हणून कापला जातो. गुसाडी नाचाचे गुरू कनक राजू यांना 2021 ची पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये ते गेले. जी चाल त्यांनी आयुष्यभर शिकवली ती या नव्या गाण्यांत मला फार थोडी ऐकू येते.

आणि इथेही कायदा पुन्हा भेटतो, उलट्या बाजूनं. यूट्यूबचं यंत्र नोंदणीकृत मुद्रणाशी आवाज ताडून पाहतं. गावातल्या पोरानं एखाद्या सिनेगीताचा ठेका घेतला तर त्याच्या गाण्यावर दावा लागतो, 90 दिवसांत तीन ताकिदी आल्या तर चॅनेल जातं. त्याच पोराच्या आजीचं गाणं कुणी उचललं तर मात्र यंत्राला काही ताडता येत नाही, कारण आजीनं नोंदणी केलेली नाही. ज्याच्याकडे कागद त्याचं रक्षण, हा नियम टपरीपासून यूट्यूबपर्यंत तसाच चालत आला आहे.

याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात गोंडी लिपीतली हस्तलिखितं सापडली. हैदराबादच्या अभ्यासकांनी ती वाचली, आणि 2018 मध्ये ही लिपी युनिकोडमध्ये गेली. हे काम झालं कारण विद्यापीठ, सरकार आणि गावकरी एकत्र बसले. गोंडी आवाजासाठी असं बसणं अजून व्हायचं आहे. छत्तीसगडमध्ये 2010 पासून सीजीनेट स्वरानं साध्या फोनवरून गोंडी गाणी आणि बातम्या जमवल्या आणि पुढे 'बुल्टू रेडिओ'नं ब्लूटूथवरून वाटल्या. ज्या देवघेवीला कंपन्या चोरी म्हणत होत्या, तीच तिथे वाचनालयासारखी वापरली गेली, फरक एवढाच की गाणारा आधी आपलं नाव-गाव सांगत असे.

परंपरेच्या गाण्याला जगभर लागू होईल असा करार जिनिव्हात 2000 पासून चर्चेत आहे. 2024 मध्ये जनुकीय संपत्तीचा करार झाला, लोककलेचा झाला नाही. त्याची वाट पाहत बसायला परधानांची आजची पिढी थांबणार नाही. आपल्या कायद्यात एक वापरण्याजोगी जागा मात्र आजही आहे. 2012 च्या दुरुस्तीनं आलेलं 38-ख हे कलम कलावंताला आपल्या सादरीकरणाबरोबर आपलं नाव लागण्याचा हक्क देतं, आणि त्याआधीचं कलम व्यापारी वापराच्या रॉयल्टीत वाटा देतं. परंपरेवर हक्क नसला तरी त्या रात्री, त्या दारी गायलेल्या गाण्यावर परधानाचा हा हक्क आहे. फाइलीत कलावंताचं नाव लिहायला रकाना असतो, आज त्यात चॅनेलचं किंवा संकेतस्थळाचं नाव असतं. तिथे गाणाऱ्याचं नाव, गाव आणि कुळ लिहा, गाण्याआधी त्याला विचारा, आणि पैसे आले तर त्याचा वाटा आधी काढा, एवढी मागणी उटनूरच्या चॅनेलवाल्यांकडे करता येईल. आकाशवाणी आणि विद्यापीठांकडे तर करायलाच हवी, कारण त्यांच्याकडे या भागातल्या कलावंतांचे आवाज जमलेले आहेत आणि ते आवाज त्यांच्या नातवंडांना आज घरबसल्या ऐकता येत नाहीत.